एक रुपयात पीक विमा योजना

एक रुपयात पीक विमा योजना (अधिकृत उल्लेख : सर्वसमावेशक पीक विमा योजना) ही महाराष्ट्र शासनाने खरीप २०२३ पासून राबविलेली पीक विम्याची योजना होय. केंद्र शासनाच्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेत शेतकऱ्याने भरावयाचा विमाहप्ता या योजनेनुसार राज्य शासनाने स्वतः भरण्याचे ठरविले, आणि शेतकऱ्याकडून प्रत्येक अर्जामागे केवळ १ रुपया नोंदणीपुरता घेतला. योजना तीन वर्षांसाठी आखलेली होती. परंतु खरीप २०२५ पूर्वीच ती बंद करण्यात आली. तिच्या काळात विम्याच्या अर्जांची संख्या विक्रमी झाली. त्याच काळात भरपाई मिळण्यास होणारा विलंब, तिची तुटपुंजी रक्कम आणि ती ठरविण्याची पद्धत यांबद्दल विदर्भ व मराठवाड्यात तीव्र असंतोष निर्माण झाला. बुलढाणा जिल्हा हे या असंतोषाचे एक प्रमुख केंद्र राहिले आहे.

पार्श्वभूमी

पिकांचा विमा कोणत्या एककावर उतरवावा, हा या विषयातील मूळ प्रश्न आहे. प्रत्येक शेताची स्वतंत्र पाहणी करून भरपाई देणे न्याय्य वाटले, तरी लक्षावधी लहान जमिनींच्या देशात ते खर्चिक व अव्यवहार्य ठरते. १९७० च्या दशकात गुजरातमध्ये कापसासाठी झालेल्या आरंभीच्या प्रयोगातून हे दिसून आले. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांनी यावर क्षेत्राधारित विम्याचा पर्याय मांडला. सारख्या हवामानाच्या व सारख्या पिकाच्या एका क्षेत्राचे सरासरी उत्पादन मोजावे आणि ते ठरावीक पातळीखाली गेल्यास त्या क्षेत्रातील सर्व विमाधारकांना सारख्याच प्रमाणात भरपाई द्यावी, असे त्याचे सूत्र होते. १९७९ मध्ये सुरू झालेली पथदर्शी योजना, १९८५ ची सर्वंकष पीक विमा योजना आणि रब्बी १९९९–२००० पासूनची राष्ट्रीय कृषी विमा योजना या सर्व याच तत्त्वावर उभ्या होत्या.

खरीप २०१६ पासून प्रधानमंत्री पीक विमा योजना लागू झाली. तिच्यात शेतकऱ्याचा हप्ता विमा संरक्षित रकमेच्या खरिपासाठी २ टक्के, रब्बीसाठी १.५ टक्के आणि नगदी पिकांसाठी ५ टक्के इतका मर्यादित करण्यात आला. विमा कंपनीने निविदेत मागितलेला दर आणि शेतकऱ्याचा हिस्सा यांतील फरक केंद्र व राज्य यांनी निम्मा-निम्मा उचलावा, अशी तरतूद होती. २०२० मध्ये कर्जदार शेतकऱ्यांवरील विम्याची सक्ती उठविण्यात आली. त्याच वेळी केंद्राने आपल्या अनुदानावर कमाल मर्यादा घातली : कोरडवाहू क्षेत्रासाठी ३० टक्के व बागायती क्षेत्रासाठी २५ टक्के विमादरापर्यंतच केंद्र आपला वाटा देणार होते. विमादर त्याहून चढा आल्यास वरचा भार राज्यावर पडणार होता. बिहार, पश्चिम बंगाल, गुजरात यांसारख्या काही राज्यांनी वेगवेगळ्या काळात योजनेतून अंग काढून घेतले. महाराष्ट्र मात्र योजनेत राहिला.

घोषणा व स्वरूप

तत्कालीन उपमुख्यमंत्री व अर्थमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी ९ मार्च २०२३ रोजी २०२३–२४ चा अर्थसंकल्प मांडताना या योजनेची घोषणा केली. शेतकऱ्यांचा हिस्सा भरण्यासाठी राज्यावर ३,३१२ कोटी रुपयांचा वार्षिक भार पडेल, असे त्या वेळी सांगण्यात आले. प्रधानमंत्री किसान सन्मान निधीला जोड म्हणून वर्षाला ६,००० रुपये देणारी ‘नमो शेतकरी महासन्मान निधी’ योजनाही याच अर्थसंकल्पात जाहीर झाली. ओडिशा राज्यानेही खरीप २०२३ पासून शेतकऱ्यांचा हप्ता स्वतः भरण्याचे धोरण स्वीकारले.

योजनेत सर्व पिकांसाठी ७० टक्के जोखीमस्तर निश्चित करण्यात आला. विमा कंपन्यांची निवड जिल्ह्यांचे समूह करून निविदेद्वारे झाली. कंपन्यांच्या नफ्या-तोट्यावर ‘बीड प्रारूप’ या नावाने ओळखली जाणारी ८०:११० ही मर्यादा लागू करण्यात आली. बीड जिल्ह्यात २०२० मध्ये प्रथम वापरल्या गेलेल्या या पद्धतीनुसार एकूण भरपाई जमा हप्त्याच्या ११० टक्क्यांपर्यंत गेल्यास ती कंपनीने द्यावयाची असते आणि त्यावरील बोजा राज्य शासन उचलते. उलट भरपाई फार कमी निघाली, तर कंपनीने हप्त्याच्या २० टक्क्यांपर्यंतची रक्कम स्वतःकडे ठेवून उरलेली शासनाला परत करावयाची असते.

खरीप २०२२ मध्ये राज्यात सुमारे ९६ लाख विमा अर्ज आले होते. खरीप २०२३ मध्ये ही संख्या सुमारे १ कोटी ७० लाखांवर गेली. एक शेतकरी पीक व गट क्रमांक यांनुसार एकाहून अधिक अर्ज करू शकत असल्याने हा आकडा शेतकऱ्यांचा नव्हे, अर्जांचा आहे.

एका रुपयामागील खर्च

‘एक रुपया’ ही विम्याची किंमत नव्हती. शेतकऱ्याच्या दोन टक्क्यांचा हिस्सा केवळ खिशातून तिजोरीकडे वळला. कंपनीला द्यावयाचा एकूण हप्ता तेवढाच राहिला. अर्जांची संख्या वाढली तसतसा हा हप्ता, आणि त्यातील राज्याचा वाटा, वाढत गेला. विमा उतरविणाऱ्याला काही मोजावे लागत नसल्याने अर्ज भरण्यापूर्वी पीक, क्षेत्र व जोखीम यांचा विचार करण्याचे कारणही उरले नाही.

शासनाचा वाटा कंपनीला हप्त्याहप्त्याने दिला जातो आणि अंतिम भरपाईचे वाटप त्याच्याशी निगडित असते. त्यामुळे राज्याचे अनुदान थकले की शेतकऱ्याची भरपाई अडते. खरीप २०२४ च्या भरपाईबाबत राज्यात अशाच तक्रारी झाल्या. खरीप २०२५ पासून, राज्याने आपला वाटा वेळेवर न दिल्यास १२ टक्के दंडव्याज आकारण्याचे केंद्राने जाहीर केले. शेतकऱ्याने १ रुपया भरल्याची पावती त्याच्या हाती असते. परंतु तिच्यामागील शासकीय वाटा जमा झाला की नाही, हे त्याला त्या पावतीवरून कळत नाही. भरपाई का आली नाही, या प्रश्नाला कंपनी, बँक, कृषी कार्यालय व तहसील यांच्याकडून वेगवेगळी उत्तरे मिळण्याचे हे एक कारण आहे.

भरपाई ठरविण्याची पद्धत

खरीप २०२४ पर्यंत भरपाई मिळण्याचे दोन मार्ग होते.

क्षेत्राधारित मार्ग : प्रमुख पिकांसाठी महसूल मंडळ हे विमा एकक असते. मंडळातील काही शेते यादृच्छिक पद्धतीने निवडून त्यांच्या ठरावीक आकाराच्या तुकड्यातील पीक कापले, मळले व तोलले जाते. यास पीक कापणी प्रयोग म्हणतात. निवडक पिकांसाठी उपग्रहीय तंत्रज्ञानाने काढलेल्या उत्पादनालाही ठरावीक भारांकन देण्यात येते. मंडळाच्या मागील सात वर्षांपैकी सर्वाधिक उत्पादनाच्या पाच वर्षांची सरासरी काढून तिला जोखीमस्तराने गुणले की उंबरठा उत्पन्न मिळते. समजा, एखाद्या मंडळात सोयाबीनची अशी सरासरी हेक्टरी १,२०० किलो आहे. ७० टक्के जोखीमस्तराने उंबरठा उत्पन्न ८४० किलो होईल. प्रत्यक्ष उत्पादन ६३० किलो आले, तर उंबरठ्यापेक्षा २१० किलो, म्हणजे २५ टक्के, घट धरली जाते. विमा संरक्षित रक्कम हेक्टरी ५०,००० रुपये असल्यास भरपाई १२,५०० रुपये मिळेल. प्रत्यक्ष उत्पादन ८५० किलो आले, तर सरासरीच्या तुलनेत ३५० किलो पीक गमावूनही भरपाई शून्य राहील.

पूरक मार्ग : प्रतिकूल हवामानामुळे पेरणी न होणे, हंगामाच्या मध्यातील प्रतिकूल परिस्थिती, गारपीट, पुराचे पाणी साचणे, ढगफुटी यांसारख्या स्थानिक आपत्ती आणि काढणीपश्चात नुकसान यांसाठी स्वतंत्र तरतुदी होत्या. मध्य हंगामात अपेक्षित उत्पादन उंबरठ्याच्या निम्म्याहूनही कमी राहील असे दिसल्यास जिल्हाधिकारी अधिसूचना काढून संभाव्य भरपाईच्या २५ टक्के आगाऊ रक्कम देण्याचे आदेश देऊ शकत. स्थानिक आपत्ती व काढणीपश्चात नुकसान यांत मात्र वैयक्तिक शेताची पाहणी होई. त्यासाठी घटनेपासून ७२ तासांच्या आत पूर्वसूचना देणे बंधनकारक होते. कापून सुकविण्यासाठी पसरलेल्या पिकाला १४ दिवसांपर्यंत संरक्षण होते. स्थानिक आपत्तीची भरपाई त्या दिवसापर्यंत पिकावर झालेल्या खर्चाच्या प्रमाणात व बाधित क्षेत्रापुरती काढली जात असल्याने ती पूर्ण विमा रकमेहून बरीच कमी भरे.

मंडळ, शेत आणि जिल्ह्याची सीमा

क्षेत्राधारित पद्धतीतील अडचण धाडसारख्या ठिकाणी स्पष्ट होते. धाड हे बुलढाणा तालुक्यातील, जालना जिल्ह्याच्या सीमेलगतचे मोठे गाव असून ते महसूल मंडळाचे ठिकाण आहे. सोयाबीन, कापूस, मका व तूर ही परिसरातील प्रमुख खरीप पिके आहेत. मंडळात अनेक गावे मोडतात. त्यांतील हलक्या, मुरमाड जमिनीवरील पीक पावसाच्या खंडात लवकर वाळते, तर भारी जमिनीवरील पीक तग धरते. पीक कापणी प्रयोग दोन्हींची सरासरी काढतात. ज्याचे शेत पूर्ण गेले त्याला सरासरीमुळे काहीच मिळत नाही, आणि ज्याचे पीक बऱ्यापैकी आले त्यालाही काही वर्षी भरपाई मिळून जाते.

सीमेमुळे हा फरक आणखी वाढतो. धाडच्या पलीकडील शिवार भोकरदन तालुक्यात येते. त्याचा जिल्हा वेगळा, महसूल विभाग वेगळा, आणि जिल्ह्यांच्या समूहानुसार विमा कंपनीही वेगळी असू शकते. दोन्ही बाजूंना एकच ढग बरसला, तरी उंबरठा उत्पन्न, विमा संरक्षित रक्कम आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अधिसूचनेची तारीख एकसारखी असेलच असे नाही. नियमानुसार यात काही वावगे नसते. बांधापलीकडच्या शेजाऱ्याच्या खात्यात जमा झालेली रक्कम पाहणाऱ्याला मात्र तो उघड अन्याय वाटतो.

खरीप २०२३ : पहिली कसोटी

योजनेच्या पहिल्याच हंगामात पावसाने दीर्घ ओढ दिली. ऑगस्ट २०२३ हा १९०१ पासूनचा देशातील सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. अनेक जिल्हाधिकाऱ्यांनी मध्य हंगाम प्रतिकूलतेच्या अधिसूचना काढल्या. परंतु बऱ्याच ठिकाणी विमा कंपन्यांनी त्यांवर आक्षेप घेऊन विभागीय व राज्य पातळीवर अपिले केली. आगाऊ रक्कम मिळण्याचा उद्देश तातडीच्या मदतीचा असताना वाद मात्र काढणीच्या काळापर्यंत लांबले.

३१ ऑक्टोबर २०२३ रोजी राज्य शासनाने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. बुलढाणा जिल्ह्यातील बुलढाणा व लोणार, तसेच शेजारील भोकरदन हे तालुके त्यांत होते. त्यानंतर आणखी १,०२१ महसूल मंडळांत दुष्काळसदृश स्थिती घोषित झाली. यामुळे तीन वेगवेगळ्या बाबींची सरमिसळ झाली. दुष्काळाच्या घोषणेने जमीन महसुलात सूट, पीककर्जाचे पुनर्गठन, शेतीकर्जाच्या वसुलीस स्थगिती, कृषिपंपाच्या वीजबिलात ३३.५ टक्के सवलत, विद्यार्थ्यांना परीक्षा शुल्कमाफी अशा सवलती मिळतात. आपत्ती प्रतिसाद निधीतून दिले जाणारे निविष्ठा अनुदान ही दुसरी बाब असून ते पंचनाम्यावर अवलंबून असते. पीक विमा ही तिसरी. तिचा निर्णय उंबरठा उत्पन्नावर होतो. दुष्काळ जाहीर होणे आणि विम्याची भरपाई मिळणे यांचा थेट संबंध नाही. शासनाच्याच एका आदेशात तालुका दुष्काळग्रस्त आणि दुसऱ्या गणितात मंडळ भरपाईस अपात्र, ही स्थिती मात्र शेतकऱ्यांना अनाकलनीय वाटत राहिली.

असंतोष व आंदोलने

तक्रारींचे स्वरूप साधारणतः पुढीलप्रमाणे होते : पूर्वसूचना देण्याच्या वेळी भ्रमणध्वनीवरील अॅप किंवा टोल-फ्री क्रमांक न चालणे, पाहणीसाठी प्रतिनिधी उशिरा येणे, पंचनाम्याची प्रत न मिळणे, अर्ज फेटाळल्याचे कारण न कळविणे, आणि एकाच गावातील समान नुकसानीसाठी वेगवेगळ्या रकमा जमा होणे. २०२५ च्या अखेरीस अकोला जिल्ह्यातील काही शेतकऱ्यांच्या खात्यांत ३ रुपये, २१ रुपये अशा रकमा जमा झाल्याने मोठी टीका झाली. केंद्रीय कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी अशा प्रकरणांच्या चौकशीचे आदेश दिले.

बुलढाणा जिल्ह्यात शेतकरी नेते रविकांत तुपकर यांच्या नेतृत्वाखाली सोयाबीन-कापसाचे दर व पीक विमा या दोन मागण्यांवर सातत्याने आंदोलने झाली. एक रुपयाची योजना येण्यापूर्वीच, ११ फेब्रुवारी २०२३ रोजी, बुलढाणा येथे त्यांनी आत्मदहनाचा प्रयत्न केला. त्या वेळी आंदोलकांवर लाठीमार झाला व तुपकरांसह अनेकांना अटक झाली. पुढे नोव्हेंबर २०२३ मध्ये बुलढाण्यात एल्गार महामोर्चा निघाला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये सिंदखेडराजा येथे अन्नत्याग आंदोलन झाले. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत बुलढाणा मतदारसंघातून अपक्ष लढताना तुपकर पराभूत झाले. परंतु त्यांना सुमारे अडीच लाख मते मिळाली. शेतमालाचे दर आणि पीक विमा हे प्रश्न जिल्ह्याच्या राजकारणात किती खोल रुजले आहेत, याचे हे एक द्योतक मानले जाते.

या असंतोषाला करांची एक बाजूही आहे. शेती उत्पन्नावर प्राप्तिकर नसल्याने शेतकरी कर न भरता अनुदाने घेतो, असा समज शहरी भागात आढळतो. शेतकरी संघटना त्यावर शेती निविष्ठांवरील वस्तू व सेवा कराकडे बोट दाखवितात. रासायनिक खतांवर ५ टक्के आणि रासायनिक कीटकनाशकांवर १८ टक्के कर आकारला जातो. शेतकऱ्याला विक्रीवर हा कर लागू नसल्याने खरेदीवर भरलेल्या कराची वजावटही मिळत नाही. त्यामुळे विम्याचे अनुदान ही मेहेरबानी नसून भरलेल्या करातील परतावा आहे, असा त्यांचा युक्तिवाद असतो.

गैरप्रकार

विनामूल्य नोंदणीचा गैरवापरही झाला. दुसऱ्याच्या, शासकीय किंवा देवस्थानाच्या जमिनीवर विमा उतरविणे, प्रत्यक्षात नसलेल्या पिकाची नोंद करणे, लागवडीपेक्षा अधिक क्षेत्र दाखविणे असे प्रकार तपासणीत आढळले आणि मोठ्या संख्येने अर्ज बाद करण्यात आले. अर्ज भरून देणाऱ्या सामूहिक सेवा केंद्रांना कंपनीकडून प्रत्येक अर्जामागे ४० रुपये मिळत असल्याने अधिकाधिक अर्ज भरण्याचे प्रलोभन त्यांच्यापुढे होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये तत्कालीन कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांनी भिकारीही एक रुपया घेत नाही, अशा आशयाचे विधान या योजनेसंदर्भात केले. त्यावरून राज्यभर निषेध झाला. गैरप्रकार करणाऱ्यांचा दोष सरसकट सर्व शेतकऱ्यांच्या माथी मारला जात असल्याची भावना त्यामागे होती.

योजनेची समाप्ती

१० मार्च २०२५ रोजी मांडलेल्या २०२५–२६ च्या अर्थसंकल्पात राज्याची महसुली तूट ४५,८९१ कोटी रुपये अंदाजण्यात आली. ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेसाठी त्यात ३६,००० कोटी रुपयांची तरतूद होती. या आर्थिक ओढाताणीत पीक विम्याचा फेरविचार झाला. ९ मे २०२५ च्या शासन निर्णयाने सुधारित योजना लागू करण्यात आली. तिच्यात दोन बदल एकाच वेळी झाले. पहिला, शेतकऱ्याने २, १.५ व ५ टक्क्यांपर्यंतचा हप्ता पुन्हा स्वतः भरावा. दुसरा, पूरक मार्गातील सर्व तरतुदी वगळून भरपाई केवळ पीक कापणी प्रयोगांवर आधारित उत्पादनानुसार द्यावी. नोंदणीसाठी शेतकरी ओळख क्रमांक व ई-पीक पाहणी आवश्यक करण्यात आली. वाचलेल्या निधीचा विनियोग शेतीतील भांडवली गुंतवणुकीसाठी करण्याच्या हेतूने दरवर्षी ५,००० कोटी रुपयांची ‘कृषी समृद्धी योजना’ जाहीर झाली.

सार्वजनिक चर्चेत पहिल्या बदलाला अधिक प्रसिद्धी मिळाली. दुसऱ्या बदलाचा परिणाम मात्र अधिक दूरगामी होता. कारण वैयक्तिक शेताची पाहणी करणारे मार्ग त्यामुळे बंद झाले. खरीप २०२५ मध्ये मुदतवाढ देऊनही अर्जांची संख्या मोठ्या प्रमाणावर घटली.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मराठवाडा व विदर्भाच्या मोठ्या भागात अतिवृष्टी व पुराने उभी पिके गेली. ज्या स्थितीत ७२ तासांची पूर्वसूचना उपयोगी पडली असती, ती तरतूद तेव्हा अस्तित्वात नव्हती. ७ ऑक्टोबर २०२५ रोजी राज्य शासनाने ३१,६२८ कोटी रुपयांची मदत जाहीर केली. तिच्यानुसार कोरडवाहू शेतीसाठी हेक्टरी १८,५०० रुपये, हंगामी बागायतीसाठी २७,००० रुपये व बागायतीसाठी ३२,५०० रुपये असे दर ठरले. विम्यातून काढून घेतलेला खर्च अशा रीतीने अंशतः आपत्ती साहाय्याच्या रूपाने तिजोरीवर परत आला. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने वन्यप्राण्यांमुळे होणारे पीक नुकसान आणि भातशेती पाण्याखाली जाणे यांचा स्थानिक आपत्तींच्या संरक्षणात खरीप २०२६ पासून समावेश करण्याचे जाहीर केले.

मूल्यमापन

योजनेच्या समर्थकांच्या मते, हप्त्यासाठी पैसे नसलेला अल्पभूधारक व बिगर-कर्जदार शेतकरी तिच्यामुळे प्रथमच मोठ्या संख्येने विम्याच्या कक्षेत आला. विरोधकांच्या मते, सार्वजनिक निधी कंपन्यांकडे वळला आणि फुकटेपणामुळे बनावट अर्जांना वाव मिळाला. दोन्ही बाजूंचा भर हप्त्यावरच राहिला. आंदोलनांतील मागण्या पाहिल्या, तर हप्ता माफ करावा ही मागणी त्यांत क्वचितच आढळते. भरपाई वेळेवर मिळावी, तिचे गणित समजावे आणि ती नुकसानीच्या प्रमाणात असावी, या मागण्या मात्र एक रुपयाच्या योजनेपूर्वी, तिच्या काळात आणि तिच्यानंतरही कायम राहिल्या. त्यांचे मूळ विमा एकक, जोखीमस्तर आणि शासकीय वाट्याची वेळेवर पूर्तता या तीन बाबींत आहे. १ रुपया आकारल्याने किंवा तो रद्द केल्याने यांपैकी कोणतीही बाब बदलली नाही.